बेगमी

आई पहिल्यांदा तळ्याला शेत म्हणाली
तेव्हा मार्च होता, पोरोवेसीवर हातभर बर्फ.
पांढरं, सपाट, कडेला बर्चची रांग.
शेतच की, म्हणालो आम्ही, आणि हसलो.

मे महिन्यात बर्फ फुटला.
आई शेतात निघाली.
तौनोला सापडली ती मांडीभर पाण्यात,
हातात रिकामी टोपली,
चेहऱ्यावर उशीर झाल्याची घाई.

त्याला एकोणीस वर्षं झाली.
आता मी सहासष्टची.
सकाळी उठले की खिडकीशी जाते
आणि तळ्याला तळं म्हणून घेते.
मोठ्यानं.

मग चालायला. उणे अठरा असलं तरी,
बुटांना खिळ्यांचे तळवे बांधून
गिरणीच्या वळणापर्यंत आणि परत.
शेजारची हिल्या कुंपणातून विचारते,
कुणाच्या मागे लागलीयस, का कुणी तुझ्या मागे?
दोन्ही, म्हणते मी. धापा टाकत.

आरोग्य केंद्रात आइनी दंडाला पट्टा आवळते,
पारा उतरताना बघावा तसं आकड्याकडे बघते.
लोणी कमी केलंय. मीठही.
काळ्या पावावर आता हेरिंग, कांदा,
आणि ऑगस्टमध्ये वेचून ठेवलेल्या ब्लूबेरी,
ज्यांच्यासाठी कंबर शंभरदा वाकली
ते वेगळंच.
सिगारेट सोडली त्या हिवाळ्याबद्दल
मी कुणाशी बोलत नाही.

तौनोचं मात्र घोडं कानापाशी अडलेलं.
मी बहिरा नाही, तू पुटपुटतेस.
अकरा वर्षं घरात एकच शब्द: हूं.
पाहुणे हसले की हा अर्ध्या क्षणानं हसायचा,
मग पाहुण्यांत बसेनासाच झाला.
आइनीनं बजावलं, कान मिटले की डोकंही
हळूहळू दुकान आवरायला घेतं, तौनो.
तरी यंत्र महिनाभर मोज्यात गुंडाळून खणात.

एका रविवारी कुणाला न सांगता त्यानं ते घातलं.
स्वयंपाकघरात थबकला.
हा फ्रीज नेहमीच असा कण्हतो?
अकरा वर्षं, म्हटलं.
बराच वेळ तो गप्प उभा होता.
मग म्हणाला,
आणि तू?

गुरुवारी आम्ही टँगो शिकतो, तळ्याकाठच्या मांडवात,
हिवाळ्यात शाळेच्या व्यायामशाळेत.
माझा डावा पाय माझं ऐकत नाही,
तौनो उजवीकडे वळतो, मी भिंतीकडे.
पिर्यो बाई टाळी वाजवतात:
चुकतेयस ना? मग आत काहीतरी चालू आहे.
जमलं की पुढचं शिकवीन.
तिचा हा दुष्टपणा मला आवडतो.

डॉक्टरला मी एकदाच विचारलं,
एवढं सगळं केलं, मग मला होणार नाही ना?
पोरगेला डॉक्टर. खोटं बोलला नाही.
खिडकीबाहेर बघून म्हणाला, शक्यता घटते.
घटते.
ते एवढंसं क्रियापद मी खिशात घालून घरी आणलं,
हातमोज्यातल्या बोटांनी वाटभर चाचपत.

जूनमध्ये तौनो लाकडं फोडतो,
भर उन्हात, डास चावत असताना.
हिवाळा येणार नाही म्हणून कुणी लाकडं फोडत नाही.
आणि एखाद्या वर्षी मोळी संपते
आणि थंडी उरते, तेही पाहिलंय आम्ही.
आईही खूप चालायची. मी हे विसरत नाही.

काल संध्याकाळी कपाटासमोर उभी राहिले
आणि कशाला आले तेच आठवेना.
दार उघडं. आत अंधार, कापराचा वास.
मी हलले नाही, बोलले नाही.
बाहेरच्या खोलीतून तौनोनं विचारलं,
काय झालं?
आता त्याला माझं गप्प राहणंही ऐकू येतं.

थांब, म्हटलं. थांब, सांगू नकोस.

बूट.
नाचाचे बूट.
आज गुरुवार.